भानस भानस भानस भानस

वसई फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला थोडा वेळ थांबलं, की रसायनाचा एखादा टँकर समोरून जातोच. त्याच्या अंगावर एक चौकोनी पाटी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या १३४ व्या नियमानं ती सक्तीची केलेली आहे. मालाचं अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत लिहायचं, जोडीला क्रमांक, धोक्याचं चिन्ह आणि अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा ते. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले क्रमांक लक्षात ठेवायला सोपे असतात: १०९० ॲसिटोन, १११४ बेन्झीन, १५४७ ॲनिलीन. नावं मात्र कधीकधी पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात आणि वाचून होण्याआधी टँकर विरारच्या दिशेनं निघून गेलेला असतो.

माणिकपुरातून वसई रोड स्टेशन गाठून डहाणू लोकलनं बोईसरला, तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची या नावांशी रोजची गाठ. त्यांनी ती कापून तोंडात मावतील एवढी केली आहेत: एमडीसी, आयपीए, डीएमएफ, टीएचएफ. ड्रमवर चिठ्ठी लावायची, गेटपास बनवायचा, तेव्हा ‘डायमिथिलफॉर्मामाइड’ कोण लिहीत बसणार? काम भागतं. फक्त एक गोष्ट हातची जाते. ‘डीएमएफ’ ही अक्षरं त्या पदार्थाबद्दल काहीच बोलत नाहीत. ‘डायमिथिलफॉर्मामाइड’ मात्र त्या रेणूची अख्खी रचना सांगून टाकतं. कुठल्या कुळातला, कशापासून आलेला, अंगावर काय बाळगणारा आणि किती, एवढं सगळं त्या एका नावात आहे.

ही माहिती काढून घ्यायला मराठी वाचकाला नवीन काही शिकावं लागत नाही. शाळेत मराठीच्या तासाला घोकलेल्या दोन गोष्टी पुरतात: समास आणि गण. समासानं नाव कळतं. ते नाव कानाला कसं फसवतं, ते गणांनी कळतं.

आधी समास. तत्पुरुषात मुख्य पद शेवटी येतं. राजवाडा हा वाडा असतो, राजा नसतो. रासायनिक नावही असंच असतं, म्हणून ते शेवटून वाचायचं. डायमिथिलफॉर्मामाइडच्या शेवटी आहे अमाइड, म्हणजे पदार्थ अमाइडांच्या कुळातला. कुठलं अमाइड? फॉर्मिक आम्लापासूनचं. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात आणि हे आम्ल पहिल्यांदा मिळालं ते मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून. त्या अमाइडाच्या अंगावर काय आहे? मिथिल. किती? डाय, म्हणजे दोन. झालं. समोरून वाचायला गेलं, तर सुरुवातीलाच ‘दोन’ भेटतो आणि कशाचे दोन, कुणावरचे दोन, हे शोधत पुढे पळावं लागतं. बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ या धड्यात नाव बांधायचा क्रम उपसर्ग, जनक, प्रत्यय असा दिलेला आहे. बांधायला तो ठीक आहे. वाचायला तो उलटा करून घ्यावा.

आता घरातलं नाव घ्या. पॅरासिटेमॉल. माणिकपूरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये काउंटरवर हे नाव कानावर पडतं आणि बोलणारा जवळजवळ नेहमी ते ‘पॅरा-सिटेमॉल’ असं तोडतो. ‘सिटेमॉल’ नावाची वस्तू जगात नाही. खरे तुकडे आहेत पॅरा, ॲसिट, ॲम, ऑल. ‘पॅरा’च्या शेवटचा आणि ‘ॲसिट’च्या सुरुवातीचा, असे दोन ‘अ’ शेजारी आले आणि एक गळाला. संधीत आपण दोन स्वरांचा एक दीर्घ तरी करतो, इथे सरळ एक टाकूनच दिला. मूळ नाव होतं पॅरा-ॲसिटिलअमिनोफिनॉल. त्यातल्या फिनॉलचा ‘फिन’ उडाला आणि नुसता ‘ऑल’ उरला. पुरणपोळीत ‘घालून केलेली’ हे शब्द जसे उडाले, तसा हा मध्यमपदलोपी समास. अमेरिकेत याच औषधाला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. त्यांनी त्याच मूळ नावातले वेगळे तुकडे उचलले: ‘ॲसिट’, ‘अमिनो’, ‘फेन’. तिथला टायलेनॉल हा ब्रँडही तिथूनच निघाला, ॲसिटिलमधला ‘टिल’ आणि फिनॉलमधला ‘इनॉल’ घेऊन. एकाच गोळीची तीन नावं आणि तिन्हींचा बाप एक.

मग सगळे ‘पॅरा-सिटेमॉल’ असं का तोडतात? दोष इंग्रजीच्या आघाताचा आहे आणि इथेच गण कामाला येतात.

आयझॅक असिमॉव्ह हे विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असले तरी पेशानं जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६३ साली त्यांनी एका लांबलचक नावावर एक गमतीदार लेख लिहिला. नाव होतं पॅराडायमिथिलअमिनोबेन्झाल्डिहाइड. असिमॉव्ह ते एका जुन्या आयरिश नाचगाण्याच्या चालीवर गुणगुणत असत आणि ऐकणाऱ्या आयरिश बाईंना ते आपल्या गेलिक भाषेतलं गाणं वाटलं, असा तो किस्सा. हे रसायन पुस्तकी नाही. पॉल एर्लिख यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अभिकर्मकाचं ते मुख्य द्रव्य आहे आणि लघवीतल्या युरोबिलिनोजेनच्या तपासणीत ते वापरतात. कावीळ झालेल्या कित्येकांचा त्याच्याशी नकळत संबंध आलेला असतो.

ते नाव नाचाच्या चालीवर बसतं कसं? इंग्रजी माणूस ते असं म्हणतो: पॅ-र-डाय, मेथ्-इल-अ, मी-नो-बेन, झॅल्-डि-हाइड. बारा अक्षरं, तीन-तीनचे चार गट, प्रत्येक गटात पहिल्यावर जोर आणि पुढची दोन हलकी. ‘यमाताराजभानसलगा’ ज्यानं घोकलंय त्याच्या तोंडात उत्तर आलंच असेल: भानस. गुरू, लघू, लघू. भगण. एका ओळीत चार भगण आले की आपल्या छंदशास्त्रात त्याला मोदक वृत्त म्हणतात. एका अभिकर्मकाचं नाव मोदकात बसतं, ही गोष्ट असिमॉव्हना कळली असती तर त्यांनी लेखाला आणखी दोन पानं जोडली असती.

पण इथे एक मोठा फरक आहे. आपले गुरू-लघू मोजले जातात ते अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळावरून. ‘डाय’ आणि ‘हाइड’ हे आपल्या हिशेबात गुरूच, मात्रा मोजल्या तर मोदक तिथेच मोडतो. इंग्रजी कान वेळ मोजत नाही, ठोके मोजतो. एका अक्षरावर ठोका बसतो आणि शेजारच्यांचा आवाज आपोआप आक्रसतो, त्यांचे स्वर पुसट होऊन ‘अ’सारखे वाजू लागतात. मराठीत आघात आहे, पण तो सौम्य. त्यानं स्वर बदलत नाही आणि शब्दाचा अर्थही बदलत नाही.

आता वरचे चार गट पुन्हा पाहा. नावाचे खरे तुकडे आहेत पॅरा, डाय, मिथिल, अमिनो, बेन्झ, आल्डिहाइड. ठोक्यांनी ‘अमिनो’ मधोमध कापला: त्याचा ‘अ’ मिथिलला चिकटला, ‘मिनो’ पुढे गेला. ‘बेन्झ’ही असाच चिरला: ‘बेन’ मागे राहिला, ‘झ’ आल्डिहाइडच्या गळ्यात पडला. वृत्तात यती शब्दाच्या मध्येच आला की आपण यतिभंग म्हणतो. इंग्रजीत बोललेली बरीच लांब रासायनिक नावं यतिभंगांनी भरलेली असतात. ‘पॅरा-सिटेमॉल’ त्यातलाच प्रकार. इंग्रजीत दुसरा, मुख्य ठोका ‘सी’वर बसतो, म्हणून कान तिथे नवा शब्द सुरू झाला असं समजतो, आणि ‘ॲसिट’चं डोकं मागच्या गटात अडकून राहतं.

‘ॲसिट’चीच आणखी दुर्दशा बघायची तर इंग्रजीत त्याचं घराणं एकत्र उच्चारावं. ॲसिटेटमध्ये ठोका पहिल्या अक्षरावर. ॲसिटिकमध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि शब्द ‘असीटिक’ होतो, कारण ‘इक’ हा प्रत्यय ठोका बहुतेक वेळा आपल्या अगोदरच्या अक्षरावर ओढून घेतो. ॲसिटिलीनमध्ये ठोका पुन्हा दुसऱ्यावरच, पण आता स्वर ‘से’: ‘असेटिलीन’. व्हिनेगरच्या ‘ॲसिटम’ या एकाच लॅटिन नावातून निघालेले हे शब्द इंग्रजी कानाला भावंडं वाटतच नाहीत. मराठीत मात्र आपण ॲसिटेट, ॲसिटिक, ॲसिटिलीन, ॲसिटोन असं सपाट म्हणतो आणि चारही ठिकाणी ‘ॲसिट’ जसाच्या तसा राहतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कॉलेजात या उच्चारांबद्दल ओशाळं वाटतं, टोमणेही बसतात. ते ओशाळणं निराधार आहे. इंग्रज मीथेन म्हणतो, अमेरिकन मेथेन म्हणतो, आणि दोघांचंही रसायनशास्त्र व्यवस्थित चालतं. सपाट उच्चारात सांधे दिसतात, हा आपला फायदा. परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायची वेळ आली, तर ‘इक’चा तेवढा नियम लक्षात ठेवावा. फॉस्फरसचं फॉस्फॉरिक होताना, ॲसिडचं असिडिक होताना तोच लागू पडतो.

तुकड्यांतले आकडे तर आपले सख्खे शेजारी. डाय-द्वि, ट्राय-त्रि, पेन्टा-पंच, हेप्टा-सप्त, ऑक्टा-अष्ट, डेका-दश. ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या असल्यानं ही जुळणी योगायोगाची नाही. टेट्रा आणि चतुर् यांचं नातंही खरंच आहे, फक्त चेहरे फार बदललेत. या आकड्यांच्या जोरावर डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन हे अकरा अक्षरांचं धूड उलगडून पाहू. म्हणजे डीडीटी. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगाव घरांच्या भिंतींवर फवारलेली ती पावडर. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी इथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात ती तयार होत असे. शेवटून वाचा: इथेन, म्हणजे दोन कार्बनांचा सांगाडा. त्यावर तीन क्लोरीन. त्यावर दोन फिनाइल. आणि आणखी दोन क्लोरीन. पण हे शेवटचे दोन क्लोरीन कुठे बसलेत? दोन्ही एकाच फिनाइलवर, की प्रत्येकावर एकेक? नाव सांगत नाही.

‘पांढरा घोडागाडीवाला’ यात पांढरं कोण, घोडा, गाडी की माणूस, अशातली ही अडचण. रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यावर तोडगा काढला तो आकडे आणि कंस घालून. शिवाय ‘डाय’ऐवजी ‘बिस’ हा शब्द आणला. डाय म्हणजे दोन. बिस म्हणजे कंसातला अख्खा ऐवज दोनदा. डीडीटीचं काटेकोर नाव १,१,१-ट्रायक्लोरो-२,२-बिस(४-क्लोरोफिनाइल)इथेन असं लिहिलं, की प्रत्येक फिनाइलवर एकच क्लोरीन आहे आणि तो चौथ्या जागेवर आहे, यात शंका उरत नाही. हे नियम एका दिवसात झाले नाहीत. १८९२ साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथून कार्बनी संयुगांच्या जागतिक नामकरणाला सुरुवात झाली. १९१९ मध्ये आययूपॅक ही संघटना स्थापन झाली आणि तेव्हापासून नियमांची वही तिच्याकडे आहे. वही आजही वाढतेच आहे.

या नावांची मुळं परकी आहेत, ही समजूतही तपासून बघण्यासारखी आहे, विशेषतः वसईत बसून. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती आणि पौर्वात्य मालाची नावं युरोपात गेली ती पुष्कळशी पोर्तुगीज तोंडातून. आपली नीळ अरबीत ‘अन-नील’ झाली, पोर्तुगीजात ‘अनिल’ झाली. १८४० साली रशियात काम करणाऱ्या फ्रिट्शे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं निळीवर कॉस्टिक पोटॅशची प्रक्रिया करून एक तेल मिळवलं आणि त्याला ॲनिलीन म्हटलं. टँकरवरचा १५४७ हा क्रमांक त्याचाच. बेन्झीनचा प्रवास याहून वाकडा आहे. ऊद किंवा लोबान म्हणून आपण जो सुगंधी डिंक जाळतो, त्याला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, जावाचा लोबान, म्हणत. युरोपात पोचेपर्यंत त्यातला ‘लु’ हा नामापूर्वी लागणारा उपपद-शब्द समजून गाळला गेला आणि उरलं ‘बांजावी’. गार्सिया द ओर्ता यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात ‘बेंजुई’वर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई बेट भाडेपट्ट्यानं ज्याच्याकडे होतं, तोच हा वैद्य. पुढे त्या डिंकातून बेन्झोइक आम्ल निघालं आणि १८३३ मध्ये मिट्शरलिख यांनी ते चुन्याबरोबर तापवून जो द्रव मिळवला, त्याचं नाव पडलं बेन्झिन.

अमिनो आला अमोनियातून, अमोनिया आला नवसागरातून, आणि कल्हईवाल्याकडचा तो नवसागर युरोपात ओळखला जाई इजिप्तच्या अमुन देवाच्या नावानं. मिथिलमधला ‘मेथु’ हा ग्रीक मद्यवाचक शब्द आपल्या ‘मधु’चा भाऊ, ‘इल’ म्हणजे लाकूड. लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारी दारू, म्हणून तसं नाव. एवढ्या गावांचं पाणी प्यायलेल्या नावाला इंग्रजी म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

म्हणूनच डॉ. रघुवीर यांच्या खटाटोपाकडे मी आदरानं बघतो, पण त्यांची बाजू घेत नाही. १९४० च्या दशकात नागपुरात बसून त्यांनी विज्ञानाची परिभाषा संस्कृतातून नव्यानं घडवायला घेतली: कार्बन प्रांगार, ऑक्सिजन जारक, हायड्रोजन उदजन. त्यांची मूळ कल्पना अचूक होती, नावं एका पद्धतीत बसली पाहिजेत. पण पद्धत घेताना त्यांनी जगानं वाटून घेतलेली मुळंही उपटली. त्या घाटाचे मराठीत टिकलेले शब्द थोडेच. ‘कर्बोदके’ टिकला, कारण कर्ब आणि उदक हे दोन्ही तुकडे उघडे दिसतात आणि तोंडाला सोपे आहेत. प्रांगाराला वाचक भेटला नाही.

आता शेपटीकडे वळू, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथे होते. नायगाव-वसईच्या मिठागरांत पिकतं ते सोडियम क्लोराइड. त्यातलं शेवटचं ‘आइड’ बदलून ‘आइट’ केलं, की सोडियम क्लोराइट, विरंजनाचं आणि निर्जंतुकीकरणाचं रसायन. ‘एट’ केलं की सोडियम क्लोरेट, तणनाशक आणि भडका उडवायला मदत करणारा तीव्र ऑक्सिडीकारक. ‘एट’ आणि ‘आइट’ची ही वाटणी लव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८७ साली पॅरिसमध्ये ठरवली. १८६६ मध्ये हॉफमान यांनी हायड्रोकार्बनांसाठी ‘एन, ईन, आइन’ अशी स्वरांची रांग लावली. कल्पना सुरेख, पण तिनं सगळा भार एका स्वरावर टाकला, आणि इंग्रजी तर ठोका नसलेला स्वर पुसून टाकते. त्यामुळे प्रोपॅनॉल की प्रोपॅनॅल, हे नीट कळावं म्हणून इंग्रजी रसायनशास्त्रज्ञसुद्धा मुद्दाम शेपटीवर जोर देतात. फोनवर माल सांगताना आपणही द्यावा. शक्य असेल तर फोनवर सांगूच नये, लिहून द्यावं.

औषधांच्या नावात तर शेपटी म्हणजेच नाव. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५३ मध्ये औषधांच्या सामायिक आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी काढली. एका जातीच्या औषधांना एकच शेपटी, हे त्या नावांचं सूत्र. ‘ओलोल’ म्हणजे बीटा-ब्लॉकर: ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल. ‘सार्टन’ म्हणजे रक्तदाबाच्या औषधांची एक ठरावीक जात: लोसार्टन, टेल्मिसार्टन. ‘व्हास्टॅटिन’ म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध. पुढच्या भागाला बहुतेकदा काहीच अर्थ नसतो, तो फक्त वेगळेपणासाठी. मेडिकलचा जुना माणूस नावं नेहमी मागून ओळखतो, ते याच सवयीनं.

लांबीचा विक्रम टायटिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या नावे सांगतात: १,८९,८१९ इंग्रजी अक्षरं. ते नाव कुणी वापरत नाही आणि त्यात शिकण्यासारखंही फारसं नाही. अमिनो आम्लांची माळ, प्रत्येकाच्या शेपटीला ‘इल’, फक्त शेवटच्याची शेपटी शाबूत. म्हणजे तिथेही मुख्य पद शेवटीच.

एक नाव तुमच्यासाठी ठेवलं आहे. रक्त तपासायला गेलात की जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त घेतात. त्या नळीत आधीपासून एक द्रव्य असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. साबणाच्या वेष्टनावरही त्याची आद्याक्षरं सापडतील: ईडीटीए. पूर्ण नाव एथिलीनडायअमीनटेट्राॲसिटिक ॲसिड. शेवटून सुरू करा. दोन नायट्रोजन आणि चार व्हिनेगरी हात हाताला लागले, तर तुमची फोड बरोबर आहे.